आधी त्यांचं ऐकून घे

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शिक्षकांसाठी एआयवर तीन सत्रं घ्यायची जबाबदारी तुझ्यावर आली आहे. पहिल्याच बैठकीत एका ज्येष्ठ शिक्षिकेने ‘हे मुलांचं वाटोळं करणार’ असं म्हणत वही मिटून ठेवली, हे वाचून तुझी काळजी वाटली आणि त्या बाईंबद्दल आदरही वाटला. पुढे तू लिहिलं आहेस, ‘यांना बदलच नको असतो.’ सत्र सुरू करण्याआधी हे वाक्य मनातून काढून टाक. ते आत असेल तर तोंडाने काहीही बोललीस तरी समोरच्यांना तेच ऐकू येईल. मुलांच्या चेहऱ्यावरची न बोललेली उत्तरं वाचण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्यापासून अशी गोष्ट लपत नाही.

त्या बाईंनी हजारो वह्या तपासल्या असतील. कोणत्या मुलाचं वाक्य कुठे अडखळतं, कोण ‘म्हणून’च्या जागी ‘पण’ लिहितो, हे त्यांना अक्षर न बघताही कळत असेल. निबंध तपासताना त्या निबंधावर मार्क देत नव्हत्या, निबंधामागे झालेल्या विचारावर देत होत्या. लेखन चांगलं असेल तर कुणीतरी डोकं चालवलंच असणार, हा शिक्षणातला जुना भरवसा. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी, म्हणजे सांगितलं ते लिहून देणारं एआयचं यंत्र, सगळ्यांसाठी खुलं झालं आणि तो भरवसा काही महिन्यांत तुटला. आता सुरेख निबंध समोर येतो आणि त्यामागे विचार झाला की नाही, हे त्या निबंधावरून कळत नाही. ही बदलाची भीती नाही. ज्या खुणेवर विसंबून त्यांनी आयुष्यभर काम केलं, ती खूणच पुसली गेली आहे. तू त्यांच्या जागी असतीस तर तूही वही मिटली असतीस.

सुरुवातीला अनेकांनी दार लावून पाहिलं. न्यू यॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये आपल्या नेटवर्कवर चॅटजीपीटी बंद केलं आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात ती बंदी मागे घेतली. मुलांच्या घरी आणि खिशात तेच यंत्र असताना शाळेच्या भिंतीआत ते अडवून फार काही साधत नव्हतं. बंदीच्या जोडीला अनेक ठिकाणी दुसरा उपाय पुढे आला: चोर पकडणारं यंत्र. तुझ्या सत्रात हा प्रश्न नक्की येणार, ‘मुलांनी एआयकडून लिहून घेतलं हे ओळखणारं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?’ याचं उत्तर देण्याआधी माझी एक गोष्ट ऐक. ती मी फार कुणाला सांगितलेली नाही.

मी नोकरीत नवी होते. वर्गात कधीही तोंड न उघडणाऱ्या एका मुलाने आजोबांच्या चष्म्यावर निबंध लिहिला. इतका सुंदर, की मी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘हे तू लिहिलेलं नाहीस.’ तो काही बोलला नाही, खाली बघत राहिला. दोन दिवसांनी त्याची मोठी बहीण एक जुनी वही घेऊन आली. त्यात त्या निबंधाचे चार कच्चे मसुदे होते, खोडलेले, पुन्हा लिहिलेले. मी वर्गासमोर त्याची माफी मागितली. पण त्यानंतर वर्षभर त्या मुलाने मला हवं तेवढंच लिहून दिलं, एक ओळही जास्त नाही. तेव्हा संशय घेणारी मी एकटी होते. आज तोच संशय आकड्याच्या रूपात, टक्केवारीसकट, शिक्षकाच्या हातात येतो आणि आकड्याशी वाद घालणं एखाद्या लाजऱ्या मुलाला कसं जमणार?

आणि ते आकडे किती डळमळीत आहेत ते बघ. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःच जानेवारी २०२३ मध्ये असं ओळखयंत्र आणलं. त्यांच्याच चाचणीत ते यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के मजकूर ओळखू शकलं आणि माणसाने लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्के मजकुरावर त्याने यंत्राचा शिक्का मारला. जुलैमध्ये त्यांनी ते बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात यंत्रं घेऊन ९१ निबंध तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले निबंध होते ते. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले, आणि ९१ पैकी ८९ निबंधांवर सातांतल्या निदान एका यंत्राने तरी बोट ठेवलं. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र माणसाचेच म्हणून जवळपास बिनचूक ओळखले गेले. कारण साधं आहे. ही यंत्रं पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो ते मोजतात. परकी भाषा जपून लिहिणारा माणूस ओळखीचेच शब्द वापरतो, सरळ वाक्यं लिहितो, आणि त्याचं ते जपून लिहिणंच त्याच्यावर उलटतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

कुणी म्हणेल, आता यंत्रं सुधारली आहेत, चूक शंभरात एखादीच होते. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने याचाच हिशेब मांडला होता. त्यांच्याकडे २०२२ मध्ये ७५,००० पेपर तपासणीला गेले होते. एक टक्का चूक धरली तरी ७५० विद्यार्थ्यांवर खोटा आळ आला असता. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी एआयचं लेखन ओळखण्याची ती सोय बंद केली. शिक्षकांना हा हिशेब फळ्यावर करून दाखव. मग त्यांना विचार, त्या ७५० मध्ये तुमच्या वर्गातलं कोण असेल? नावं त्यांना लगेच आठवतील.

आता खऱ्या काळजीकडे येऊ. कॉपीची काळजी वरवरची आहे. तिच्या खाली दुसरी आहे, आणि त्या बाईंच्या ‘वाटोळं’ या शब्दात मला तीच दिसते: मुलं शिकणारच नाहीत. हे नुसतं वाटणं नाही. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे एक हजार मुलांवर याचा प्रयोग झाला. विषय गणित. एका गटाकडे फक्त पुस्तक आणि वही, दुसऱ्याकडे नेहमीच्या चॅटजीपीटीसारखं यंत्र, तिसऱ्याकडे तेच यंत्र पण थेट उत्तर न देता इशारे देणारं. सरावात दुसऱ्या गटाची कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली, तिसऱ्याची १२७ टक्क्यांनी. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली. दुसरा गट यंत्र कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. तिसऱ्या गटाचं असं नुकसान जवळपास झालं नाही, पण सरावातली ती मोठी झेपही परीक्षेत दिसली नाही. मला सगळ्यात जास्त बोचलं ते हे, की दुसऱ्या गटातल्या मुलांना आपण कमी शिकलो आहोत याची जाणीवच नव्हती.

असं का होतं, हे शिक्षकांना समजावायची गरज नाही. त्यांनाच सांगू दे. अडल्यावर मूल पेन्सिल चावतं, मागचं पान उघडतं, चुकीच्या वाटेने जाऊन परत येतं. बाहेरून बघणाऱ्याला तो वेळ वाया गेलेला दिसतो, पण शिकणं तेव्हाच चाललेलं असतं. स्वतः आठवून काढलेलं उत्तर वाचलेल्या उत्तरापेक्षा जास्त टिकतं, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. यंत्र उत्तर आयतं देतं तेव्हा ते नेमका हाच वेळ उचलून नेतं.

म्हणून एक विनंती. ‘कॅल्क्युलेटर आला तेव्हाही अशीच ओरड झाली होती’ हे वाक्य सत्रात वापरू नकोस. ते ऐकायला छान वाटतं, पण पटत नाही. कॅल्क्युलेटर भागाकार करतो, कशाला कशाने भागायचं हे मुलालाच ठरवावं लागतं. हे यंत्र ठरवण्याचं कामही करून टाकतं. शिवाय कॅल्क्युलेटर त्याच बेरजेला रोज तेच उत्तर देतो. इथे तशी खात्री नाही. हे यंत्र पुढे कोणता शब्द शोभेल त्याचा अंदाज घेत वाक्य रचतं, म्हणून खोटंसुद्धा खऱ्याच्याच आवाजात सांगतं. २०२३ मध्ये न्यू यॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधी झालेच नव्हते असे खटले दाखले म्हणून दिले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. शिकलेले वकील जिथे फसले, तिथे विषय नुकताच शिकायला लागलेलं मूल ती चूक कशी पकडणार? चूक ओळखायला आधी तो विषय यावा लागतो.

पहिल्या सत्रात स्लाइड कमी ठेव. प्रत्येकाला सांग, वर्षानुवर्षं देत आलेला एक गृहपाठ घेऊन या. जोड्या करून एकच प्रश्न विचारा: यात मुलाला डोकं नेमकं कुठे चालवावं लागतं? मग तोच गृहपाठ तिथेच यंत्राला देऊन बघा. काही गृहपाठ असे निघतील की त्यात मुलाने डोकं चालवण्याची वेळ आधीही येत नव्हती. ते त्यांचं त्यांना दिसू दे, तू बोट दाखवू नकोस. काही मात्र जिवापाड जपावेत असे असतील. ते घरून वर्गात आणायचे. वीस मिनिटं वर्गातच हाताने लिहिणं, अंतिम निबंधासोबत कच्चा मसुदा घेणं, ‘हा मुद्दा तू का घेतलास?’ असा एखादा प्रश्न तोंडी विचारणं. वर्गात साठ मुलं असतील तर सगळ्यांची तोंडी परीक्षा होणार नाही, हे तूच आधी कबूल कर. आठवड्याला पाच मुलं, आळीपाळीने. तेवढंही जमत नसेल तर काय करता येईल, ते त्यांना विचार. उंटावरून शेळ्या हाकणारे त्यांनी खूप पाहिले आहेत.

मुलांच्या माहितीबद्दल मात्र ठाम बोल, तिथे चर्चा नको. नाव, मार्क, घरची परिस्थिती यातलं काहीही अशा यंत्रात टाकायचं नाही, प्रगतिपुस्तकावरचा शेरा लिहायची कितीही घाई असली तरी. वर्गात मुलांच्या हाती ही साधनं देण्यासाठी निदान १३ वर्षं वयाची अट असावी, असं युनेस्कोच्या सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे. तेही सांग.

एक प्रश्न कुणी मोठ्याने विचारणार नाही, पण तो खोलीत असेल: आमची गरज उरेल का? नोकऱ्यांबद्दल खोटं आश्वासन देऊ नकोस, ते तुझ्या हातात नाही. त्या प्रयोगातल्या तिसऱ्या गटाचं यंत्र कसं तयार झालं होतं, एवढंच सांग. मुलं कोणत्या गणितात कुठे चुकतात आणि तिथे कोणता इशारा द्यावा, हे त्यात आधी भरलेलं होतं, आणि ते शिक्षकांकडून आलेलं होतं. यंत्र दोन्ही गटांकडे तेच होतं. नुकसान टळलं ते थेट उत्तर न देण्याच्या सूचनेमुळे आणि या माहितीमुळे. ही माहिती त्या वही मिटणाऱ्या बाईंकडे आहे, तुझ्याकडे आणि माझ्याकडे नाही. दुसऱ्या सत्राची सुरुवात त्यांना करायला सांगशील का? त्यांच्या विषयात मुलं हमखास कुठे अडतात, एवढ्यावर बोलू दे. एआयचं नावही काढायची गरज नाही. तू खाली बसून टिपणं घे.

पहिलं सत्र झालं की लिही. त्या बाईंनी कोणता गृहपाठ आणला होता, तेही कळव.

तुझ्या,
बाई