नागरिकत्वाचा अर्ज: आधी दिवस मोजा

परदेशाचं नागरिकत्व मागताना त्या देशात किती दिवस राहिलात ते दाखवावं लागतं, म्हणून फॉर्म नंतर उघडा. आधी सगळे पासपोर्ट, जुने रद्द झालेलेसुद्धा, समोर घ्या आणि प्रत्येक प्रवासाची जाण्या-येण्याची तारीख तक्त्यात भरा. शिक्का पुसट असेल तर बोर्डिंग पास किंवा विमान कंपनीची ईमेल शोधा. अंदाजाने तारीख टाकू नका. सरकारकडे सीमेवरच्या नोंदी असू शकतात आणि तफावत दिसली की प्रश्न सुरू होतात.

मोजायचं कसं, ते देशागणिक बदलतं. कॅनडात अर्जाआधीच्या 5 वर्षांत 1095 दिवस प्रत्यक्ष हजेरी लागते. कायम रहिवासी होण्याआधीचा वैध वास्तव्याचा दिवस अर्धाच धरतात. ब्रिटनच्या 5 वर्षांच्या मार्गात गैरहजेरी साधारण 450 दिवसांच्या आत हवी, शेवटच्या वर्षात 90. तिथे निघण्याचा आणि परतण्याचा दिवस गैरहजेरीत येत नाही: 3 मार्चला गेलात, 20 ला परतलात, तर 16 दिवस. शिवाय अर्ज पोचण्याच्या बरोबर 5 वर्षं आधीच्या तारखेला तुम्ही देशात असायला हवं. घोळ हमखास इथेच होतो. अमेरिकेत एकूण दिवस भरले तरी 6 महिन्यांहून लांब एकच फेरी 'सलग वास्तव्य' मोडू शकते.

काठावर अर्ज करू नका, दोनतीन आठवडे जास्तीचे ठेवा.

आणि हो, मूळ देश दुहेरी नागरिकत्व मानतो का? भारत मानत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट वापरायचा नाही, तो जमा करायचा. ओसीआयचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं, भारतात ये-जा आणि वास्तव्याची मुभा देणारं कार्ड) अर्ज त्यानंतर. त्यावर मतदान मात्र करता येत नाही.