खुर्चीबद्दल विचारलेस म्हणून

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

गोव्यातल्या फर्मागुढीच्या व्याख्यानानंतर तू पाठवलेले पत्र मी दोनदा वाचले. शेवटच्या वर्षाला असताना, ‘तंत्रज्ञान कंपनीचा सीईओ, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी, होण्यासाठी पुढे कोणता अभ्यासक्रम निवडावा’ असे तू आडपडदा न ठेवता विचारलेस, हे मला फार आवडले. उत्तर मात्र एखाद्या अभ्यासक्रमाच्या नावात मावणारे नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मायक्रोसॉफ्टचे सीईओ सत्या नडेला यांचे उदाहरण तू दिले आहेस, तर तिथूनच सुरुवात करतो. त्यांचे इंजिनिअरिंग मणिपालला झाले. आज मडगावहून सकाळची गाडी धरली तर दुपारपर्यंत उडुपीला उतरता येते आणि मणिपाल तिथून जवळच आहे. १९८८ साली ते तिथून बाहेर पडले तेव्हा कोकण रेल्वे सुरूही झालेली नव्हती. त्यांची शाखा इलेक्ट्रिकल होती. संगणकशास्त्र ते पुढे अमेरिकेतील विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठात शिकले, १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये लागले, नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी विमानाने शिकागोला जाऊन १९९७ मध्ये एमबीए झाले आणि ४ फेब्रुवारी २०१४ रोजी त्या कंपनीचे तिसरे सीईओ झाले. नोकरीला लागल्यापासून त्या खुर्चीपर्यंत बावीस वर्षे गेली. त्यांतली मला सर्वांत मोलाची वाटतात ती २००७ नंतरची, कारण तेव्हा त्यांच्याकडे कंपनीच्या सर्च इंजिनचे काम आले आणि त्या क्षेत्रात गूगल इतके पुढे गेले होते की बरोबरी साधण्याचीही आशा दिसत नव्हती. नाव कमवायला निघालेला माणूस असे काम सहसा अंगावर घेत नाही. पण हजारो यंत्रांवर रात्रंदिवस चालणारी सेवा कशी उभारायची, ती कोलमडली तर कशी सावरायची, हे त्यांना तिथे प्रत्यक्ष शिकायला मिळाले आणि पुढे क्लाउडचा, म्हणजे इंटरनेटवरून संगणकसेवा भाड्याने देण्याचा, व्यवसाय त्यांच्याकडे आला तेव्हा हीच शिदोरी कामी आली. पहिली नोकरी निवडताना पगाराचा आकडा जरूर पाहा, पण बिघडलेले काम दुरुस्त करायला तिथे नवख्या माणसाला बसू देतात की नाही, हेही विचारून घे.

त्यांच्या कारकिर्दीतला आणखी एक प्रसंग तू मुलगी आहेस म्हणून सांगतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये, संगणक क्षेत्रातील स्त्रियांच्या एका मोठ्या परिषदेत त्यांना विचारले गेले की, पगारवाढ मागायला संकोच वाटणाऱ्या स्त्रियांनी काय करावे. मागण्यापेक्षा व्यवस्थेवर विश्वास ठेवावा, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. त्यावर टीका झाली आणि त्याच दिवशी त्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना लिहून कळवले की आपले उत्तर पूर्णपणे चुकीचे होते, आणि पगारवाढ मिळायला हवी असे वाटत असेल तर ती सरळ मागावी. तू त्यांचे दुसरे उत्तर लक्षात ठेव.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. सीईओ म्हणजे नव्या गोष्टी सुरू करणारा माणूस अशी तुझी समजूत तुझ्या पत्रात जागोजागी दिसते. माझ्या मते त्या पदाची खरी कसोटी, ज्या गोष्टीने आपल्याला मोठे केले ती वेळेवर सोडण्यात आहे. इंटेल ही कंपनी १९६८ मध्ये स्थापन झाली आणि संगणकात माहिती साठवणाऱ्या मेमरी चिप बनवून मोठी झाली. पुढे जपानी कंपन्या त्याच चिप अधिक चांगल्या आणि स्वस्त बनवू लागल्या व इंटेलचा तोटा वाढत गेला. १९८५ मध्ये तिथले अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी सीईओ गॉर्डन मूर यांना विचारले की, संचालक मंडळाने आपल्याला काढून नवा सीईओ आणला तर तो काय करील? तो मेमरीतून बाहेर पडेल, असे मूर म्हणाले. मग आपणच दाराबाहेर जाऊन पुन्हा आत येऊ आणि ते काम आपणच करू, असे ग्रोव्ह यांनी सुचवले. उत्तर दोघांनाही ठाऊक होते. ते तोंडातून यायला मात्र जवळजवळ एक वर्ष लागले होते. नडेलांच्या वाट्यालाही असेच काम आले. आधीच्या सीईओंच्या काळात ठरलेली नोकियाच्या फोन व्यवसायाची खरेदी त्यांनी पदावर आल्यावर पूर्ण केली आणि २०१५ मध्ये त्यापोटी सुमारे ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकून ७,८०० पर्यंत नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले.

हे आकडे दूरचे वाटत असतील, म्हणून माझ्या लहानशा कंपनीची गोष्ट सांगतो. आम्ही अकरा जण होतो. लोहखनिजाच्या खाणीवरून निघालेला ट्रक काट्यावर किती भरला, नदीकाठच्या धक्क्यावर किती उतरला, बार्ज मांडवीतून मुरगावला किती माल घेऊन गेली आणि ट्रकमालकाला किती फेऱ्यांचे पैसे द्यायचे, याचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर आम्ही लिहिले होते. चीनची मागणी जोरात होती तेव्हा डिचोली-सांग्याकडचे आमचे ग्राहक बिल हातात पडताच पैसे देत. त्या दिवसांत आमच्याकडच्या एका तरुण मुलाने छोट्या हॉटेलांसाठी खोल्यांच्या आरक्षणाचे सॉफ्टवेअर करू या, असे तीन वेळा सुचवले आणि तिन्ही वेळा ‘सीझन संपल्यावर बघू’ म्हणून मी त्याला परत पाठवले.

१० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा बंदीचा आदेश आला. स्थगिती आली त्या दिवशी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, नऊ दिवसांवर होती. घरोघरी गणपतीवर बांधायच्या माटोळीची तयारी चालली होती आणि चवथीनंतर ट्रक सुरू होतील, ही दरवर्षीची सवय आमच्या हाडात मुरलेली होती. मी कोणालाच काही सांगितले नाही. दर महिन्याला वाटे, पुढच्या तारखेला काहीतरी होईल, आणि दर महिन्याला साठवलेल्या पैशांतून पगार जाई. मार्च २०१३ मध्ये मी पाच जणांना घरी पाठवले, तेव्हा प्रत्येकाच्या हातात एका महिन्याचा पगार ठेवण्याइतकेच पैसे उरले होते. ऑक्टोबरमध्येच बोललो असतो तर तीन महिन्यांचा देता आला असता आणि नोकरी शोधायला त्यांना पाच महिने अधिक मिळाले असते. त्यांच्यापैकी एकाने नुकतेच घरासाठी कर्ज काढले होते. मी त्यांच्यावर दया करत आहे, असे त्या वेळी मला मनापासून वाटत होते, पण ती माझी भीती होती आणि तिची किंमत त्यांनी मोजली. खाणी पुन्हा सुरू व्हायला वाट मोकळी झाली ती एप्रिल २०१४ मध्ये, तीही वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत. पुढे २०१८ मध्ये खाणकामाच्या ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द होऊन त्या पुन्हा थांबल्या. आम्ही उरलेले सहा जण तोवर हॉटेलांच्या कामावर जगायला शिकलो होतो.

म्हणून माझा आग्रह असा आहे की, कोड लिहिता लिहिता ताळेबंद आणि रोकडीचा हिशेब वाचायला शीक. नफा कागदावर दिसतो, पगार मात्र बँकेतल्या रोकडीतून होतो, आणि उद्या तुझ्या हाताखाली माणसे असतील तेव्हा सहा महिन्यांचे पगार वेगळ्या खात्यात ठेवल्याशिवाय नवी भरती करू नकोस. काही वर्षे पुण्याला किंवा बंगळूरला जाऊन मोठ्या कंपनीत काम कर. गोवा सोडल्याचे दुःख करू नकोस, परत येता येते. पद सोडणे हाही याच कामाचा भाग आहे. वेर्णा औद्योगिक वसाहतीत जिचे केंद्र आहे ती पर्सिस्टंट ही कंपनी आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये पुण्यात सुरू केली आणि २०१९ मध्ये, ती चांगली चालू असताना, सीईओपद दुसऱ्याकडे देऊन ते स्वतः अध्यक्ष राहिले. आपण उभारलेल्या घरात दुसऱ्याला कर्ता म्हणून बसवणे किती अवघड असते, हे मी जाणतो. मला ते अजून जमलेले नाही.

तुझी परीक्षा आटोपली की पणजीला ये. २०१२-१३ ची आमची रोकडवही मी जपून ठेवली आहे. ती तुझ्यापुढे उघडतो, आणि कोणत्या महिन्यात कोणता निर्णय घ्यायला हवा होता ते आधी तू सांग. माझे मत मी त्यानंतर सांगेन.

तुझा शुभचिंतक