चीक, पोलिओचे थेंब आणि खरवस

प्रश्न : सुनेला मुलगी झाली. डॉक्टर म्हणाले, चीक पाजा, त्यात जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं असतात. पण ती प्रथिनंच ना? बाळाच्या पोटात पचून जाणार. मग उपयोग काय? (एक आजी, कराड)

उत्तर : शंका रास्त आहे. चिकातली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात जवळजवळ जात नाहीत, पण त्यांचं काम रक्तात नाहीच. रक्तातला साठा, म्हणजे आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं, बाळ पोटात असतानाच वारेतून घेतं. चिकात मुख्यतः आयजीए हा दुसरा प्रकार असतो आणि त्याची जागा घशाच्या, आतड्याच्या ओल्या अस्तरावर. दोन-दोन रेणूंची जोडी करून स्तनातल्या पेशी तिच्यावर प्रथिनाचं वेष्टन चढवतात, त्यामुळे पाचकरसांना ती सहज तुटत नाही. शिवाय नवजात बाळाच्या जठरात आम्ल कमी असतं. आतड्यात पोचलेलं आयजीए जंतूंना चिकटतं, त्यांना अस्तर धरू देत नाही, आणि ते शीवाटे बाहेर पडतात. यात सूज येत नाही, हे विशेष.

आईच्या आतड्यात आणि श्वासमार्गात ज्या जंतूंशी गाठ पडते, त्यांच्याविरुद्ध तयार झालेल्या पेशी तिथून स्तनात येऊन बसतात. म्हणजे तुमच्याच घरात फिरणाऱ्या जंतूंवरची प्रतिपिंडं दुधात उतरतात. डब्यातल्या पावडरीला हे जमणार नाही. म्हणून आईला सर्दी झाली तरी पाजणं थांबवू नका. हात धुवावेत, मास्क लावावा.

चूक होते ती प्रमाणाच्या बाबतीत. पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभरच, ५ ते ७ मिली, चीक येतो. ‘दूधच नाही’ म्हणून घरचे वरचं दूध सुरू करतात. बाळाची गरज तेवढीच असते, आणि नंतरच्या दुधापेक्षा चिकात आयजीए कितीतरी पट असतं. तासाभरात पाजायला घ्या, सिझेरियन असलं तरी. बाळ ओढत नसेल तर हाताने पिळून स्वच्छ वाटी-चमच्याने द्या. बोंडलं वापरणार असाल तर ते प्रत्येक वेळी उकळून घ्या. मध, गुटी, साखरपाणी नको. काढलेलं दूध उकळायचं नाही. कोमट करायचं तर वाटी गरम पाण्यात ठेवा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून मातृदुग्धपेढी, म्हणजे आयांनी दान केलेल्या दुधाची पेढी, आहे. अशा पेढ्यांत दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात. त्यात काही आयजीए जातं, पण बरंचसं टिकतं.

प्रश्न : पोलिओचं इंजेक्शन दिलं तरी थेंब कशाला?

उत्तर : इंजेक्शनने रक्तात प्रतिपिंडं होतात, पांगळेपणा टळतो. पण विषाणू आतड्यात वाढून शीवाटे दुसऱ्यापर्यंत जाऊ शकतो. थेंबांमुळे आतड्याच्या अस्तरावर आयजीए तयार होतं आणि ती वाट बरीचशी बंद होते. भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला. हा आजार थांबला त्यामागे मुख्यतः थेंबच होते. दोन्ही द्या.

प्रश्न : खरवस खाऊन प्रतिकारशक्ती वाढते का?

उत्तर : नाही. वाफेवर चीक घट्ट होतो तोच मुळी त्यातली प्रथिनं, प्रतिपिंडांसकट, उष्णतेने गोठतात म्हणून. आवडतो म्हणून खुशाल खा, पण आधी वासराला पोटभर पाजा. गाईच्या वारेतून त्याला प्रतिपिंडं मिळालेलीच नसतात, आणि त्याच्या आतड्यातून प्रतिपिंडं रक्तात जाण्याचं दार २४ तासांत बंद होतं. पहिला चीक सहा तासांच्या आत पोटात जायला हवा.