पहिल्यांदाच ग्रामसभेला किंवा वॉर्डाच्या सभेला जाताय? मग एवढं करा

परिसरातले प्रश्न सोडवायला पहिल्यांदाच सभेला निघालात, हा उत्साह आवडला! पण रस्ते, पाणी, कचरा सगळं एकदम हाती घेऊ नका. नवखे इथेच दमतात. एकच प्रश्न धरा.

- आधी विषयपत्रिका मिळवा. पहिल्या सभेत नुसतं ऐका, कुठलं काम कोणाच्या अखत्यारीत येतं ते टिपा. मी एका पथदिव्यासाठी वर्षभर भलत्याच खात्याचे उंबरठे झिजवले होते.
- मागणी लेखी द्या. स्वतःच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.
- अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर ओरडून उपयोग नाही. मसुदा असतानाच सूचना द्या. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून नागरिक खर्चाचे प्राधान्यक्रम ठरवू लागले.

कायद्याची कलमं नंतर बघू. आणि हो, शेजारचे दोघे सोबत न्या.