घरी बग्गीची, म्हणजे कच्च्या रस्त्यावर पळवायच्या छोट्या उघड्या मोटारगाडीची, फ्रेम बनवतोय. वेल्डिंग सुटू नये म्हणून जाड पाईप घ्यायचा विचार आहे. पाईप किती जाडीचा घ्यावा? साध्या आर्क मशीनवर वेल्डिंग टिकेल का?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय, "वेल्डिंग सुटू नये म्हणून जाड पाईप घ्यायचा विचार आहे." यातलं वेल्डिंग सुटण्याचं पालुपद मी बारा वर्षं माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून ऐकतोय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आमच्या पहिल्या बग्गीची फ्रेम दादाने आखली आणि मी वेल्ड केली. पाईप बाहेरून 25 मिमी, जाडी 3 मिमी. पाईपात काहीच खोट नव्हती. विद्यार्थ्यांनी बनवलेल्या बग्ग्यांच्या बाहा स्पर्धेतही रोल केजच्या, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या पिंजऱ्याच्या, मुख्य पाईपांसाठी हेच माप पायाभूत धरतात, पोलादात किमान 0.18 टक्के कार्बन हवा या अटीवर. घोळ आखणीत होता. इंजिन बसेना म्हणून दादाने मागचा एक तिरका पाईप काढून टाकला आणि शॉकॲब्सॉर्बरचं वरचं ब्रॅकेट 600 मिमी लांबीच्या आडव्या पाईपच्या बरोबर मधोमध घेतलं. टाके मारतानाच, म्हणजे पाईप जागेवर धरायला छोटे ठिपके वेल्ड करतानाच, मी म्हटलं, "दादा, इथे नोड नाही, सगळा मार या एकट्या पाईपवर येणार." नोड म्हणजे जिथे अनेक पाईप एकत्र मिळतात तो सांधा. दादा म्हणाला, "3 मिमीचा पाईप आहे. तू फक्त वेल्डिंग नीट कर."

तिसऱ्या दिवशी मातीच्या उंचवट्यावरून गाडी उडाली आणि मागच्या चाकांवर आदळली. आडवा पाईप कमानीसारखा वर उचलला गेला आणि एका टोकाला सांध्यापाशी फाटला. दादा उतरला, वाकून एकदा बघितलं आणि म्हणाला, "वेल्डिंग सुटलं." बस्स. तेव्हापासून बग्गीचा विषय निघाला की हेच वाक्य.

मी तो सांधा ग्राइंडरने कापून काढला आणि धुऊन पुसून बघितला. वेल्डची रेघ टोकापासून टोकापर्यंत शाबूत होती. फाटला होता पाईप, रेघेच्या अगदी कडेला, जिथे उष्णतेने धातूचा पोत बदलतो त्या पट्ट्यात. वेल्डिंग सुटतं तेव्हा ते वेगळं दिसतं: रेघ पाईपवरून सोलल्यासारखी निघते आणि खाली न वितळलेला गुळगुळीत पृष्ठभाग राहतो, नाहीतर रेघच मधून चिरते. शिवाय आमचा पाईप फाटण्याआधी चांगलाच वाकला होता. वेल्ड आधी सुटलं असतं तर पाईप वाकायला भार पोचलाच नसता. वेल्डिंग सुटलं म्हणणाऱ्याने आधी तुटलेला तुकडा हातात घ्यावा, एवढीच माझी मागणी आहे.

आता आकडे बघा. साध्या पोलादाची नमनक्षमता, म्हणजे ज्या ताणानंतर ते कायमचं वाकतं ती मर्यादा, 250 मेगापास्कल धरा. 25 × 3 चा 600 मिमी पाईप दोन टोकांवर टेकवला तर मधोमध साधारण 170 किलो भाराला तो वाकायला लागतो. टोकं वेल्ड केलेली असली तर जास्त सोसेल. तोच पाईप लांबीच्या दिशेने ओढा, 5 टनांपर्यंत हूं की चूं करणार नाही. एवढा फरक फक्त भार कुठून येतो याने पडतो. उडी मारून आलेल्या गाडीच्या एका शॉकमधून 170 किलो म्हणजे काहीच नाही.

दादाचा उपाय होता 4 मिमी जाडीचा पाईप. 25 मिमीच ठेवून जाडी 3 ची 4 केली तर वाकण्याविरुद्धची ताकद सुमारे 18 टक्के वाढते आणि वजन 27 टक्के. त्याऐवजी 38 मिमी व्यासाचा 2 मिमी जाडीचा पाईप घ्या: मूळ 25 × 3 च्या तुलनेत वजन 9 टक्क्यांनी वाढतं, ताकद 1.9 पट होते आणि ताठपणा जवळजवळ 2.9 पट. म्हणून जाडीच्या मागे लागू नका, व्यास वाढवा. आणि व्यासाच्याही आधी तिरके पाईप घाला. आम्ही शेवटी ब्रॅकेटपासून खालच्या नोडपर्यंत दोन तिरके पाईप टाकले. पाईप तेच, वेल्डर तोच, मशीन तेच. फ्रेम पुन्हा कधी तिथे वाकली नाही.

तुमच्या जागी मी असतो तर पाईप विकत घेण्याआधी काड्यांचं छोटं मॉडेल केलं असतं, सांधे मुद्दाम सैल ठेवून. हाताने पिळलं की कुठला चौकोन कोलमडतो ते लगेच दिसतं. त्या चौकोनात कर्ण टाकायचा. विशबोन (चाकाला फ्रेमशी जोडणारे सस्पेन्शनचे हात), शॉक, इंजिन आणि सीटच्या पट्ट्याची ब्रॅकेटं नोडवर किंवा नोडच्या अगदी जवळ आणायची. क्रोमोलीच्या, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या, मोहात पहिल्या फ्रेमला पडू नका. ते जास्त ताण सोसतं हे खरं, पण त्याचा ताठपणा साध्या पोलादाइतकाच असतो, त्यामुळे लवचीक आखणी क्रोमोलीतही लवचीकच राहते.

आर्क मशीन चालेल. 3 मिमी जाडीवर 2.5 मिमीचा 6013 रॉड निवांत चालतो. 2 मिमी जाडीवर फट असली की भोक पडणार, तिथे मिग, म्हणजे रॉडऐवजी सलग वायर सोडणारं मशीन, आणि 0.8 मिमीची वायर खूप सोपी जाते. खरी मेहनत नॉचिंगची आहे. पाईपच्या टोकाची खाच समोरच्या पाईपवर अशी बसली पाहिजे की फट 1 मिमीच्या आत राहील. फट रॉडने भरून काढणं म्हणजे वेल्डिंग नव्हे. पूर्ण फ्रेम आधी टाक्यांवर उभी करा, समोरासमोरचे कर्ण मोजा, मगच पक्कं वेल्डिंग, तेही एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला. एकाच कोपऱ्यात सलग रॉड जाळलात तर आकसताना सांधा तिकडे ओढला जातो आणि पुढची चाकं मागच्यांशी जुळत नाहीत. रेघ सुंदर दिसावी म्हणून ग्राइंडरने सपाट करू नका.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. त्या तुकड्यावर एका कडेला दोनेक सेंटीमीटर अंडरकट आहे, म्हणजे रेघेच्या कडेला पाईप वितळून पडलेली खोबण. तो माझाच, करंट जास्त ठेवल्यामुळे झालेला. भेग बहुधा तिथूनच सुरू झाली. दादाला मी हे स्वतः दाखवलं. पाईप वाकला तो त्यामुळे नव्हे, पण फाटला त्यात माझा वाटा आहे. म्हणून तुमच्याकडे आखणारा आणि वेल्ड करणारा वेगळे असतील तर आखणाऱ्याला निदान चार सांधे स्वतः करायला लावा, आणि वेल्डरने "इथे आधार नाही" म्हटलं की काम तिथेच थांबवा.

जस्ताचा मुलामा असलेला पाईप वापरू नका, त्याच्या धुराने ताप भरतो. घ्यावाच लागला तर सांध्यापाशी मुलामा पूर्ण घासून काढा आणि उघड्यावर काम करा. पाण्याचे पाईप आतल्या व्यासाच्या नावाने विकले जातात, 1 इंची म्हटलेला बाहेरून 33 मिमीच्या पुढे भरतो, त्यामुळे वरचे हिशेब त्याला जसेच्या तसे लावू नका. आणि सीटवर हेल्मेट घालून, पट्टा आवळून बसल्यावर डोक्यापासून वरच्या पाईपांपर्यंत दीड वीत अंतर टाक्यांच्या वेळीच मोजा. बाहाच्या नियमात 152 मिमी आहे, मी जास्तच ठेवतो, कारण उलटताना पट्टा ताणतो आणि माणूस वर सरकतो.