मांजर सोडून येऊ का, असं विचारणाऱ्या आईबाबांसाठी

पाळलेल्या प्राण्यापासून घरात कुणाला इन्फेक्शन झालं की त्याला घालवायचं का, हे मला बरेच पालक विचारतात, म्हणून मागच्या पावसाळ्यातली एक केस सांगते, ओळख कळू नये म्हणून थोडं बदललंय.

खानापूरकडचं घर, भाताची पोती, उंदरांचा त्रास म्हणून मांजराचं पिल्लू आणलेलं. नऊ वर्षांच्या पोराच्या काखेत आवळ्याएवढी गाठ आली. घरचे म्हणाले अवधाण आलंय, बसेल. बसेना, वर ताप, मग शेजारी टीबी म्हणायला लागले आणि आईची झोप उडाली. बेळगावात डॉक्टरांनी आधी हात बघितला, मनगटाच्या वर जुना ओरखडा, त्यावर लालसर फोड. बार्टोनेला हेन्सेली नावाचा बॅक्टेरिया. पिसवांची घाण मांजराच्या नखात अडकते, ओरखडलं की तीच जखमेत जाते आणि एक ते तीन आठवड्यांनी त्या बाजूची गाठ सुजते. बहुतेकांची ती हळूहळू आपोआपच उतरते, याला गोळ्या दिल्या.

वडील उद्यमबागला फाउंड्रीत. त्यांनी त्याच रात्री पोतं काढलं, पिल्लू लांब सोडून यायला. पोरानं जेवण सोडलं, म्हणून आई त्याला माझ्याकडं काउन्सेलिंगला घेऊन आली.

"मॅडम, सोडून यायचं काय नको तेवढं सांगा बघू," आई आल्या आल्या म्हणाली. पोरगं स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून बसलेलं. मी हाताचं काही विचारलंच नाही, पिल्लाचं नाव विचारलं. चिंगी. ती कुठं झोपते, काय खाते हे सांगता सांगता मधेच म्हणाला, "आई म्हणालेली, एक जरी ओरखडा दिसला तर मांजर बाहेर. म्हणून स्वेटर घालत होतो."

आईनं पदर तोंडाला लावला.

मला त्या गाठीपेक्षा या स्वेटरची जास्त काळजी वाटली. लपवायची सवय लागली तर उद्या रस्त्यावरचं कुत्रं चावलं तरी हे पोर सांगणार नाही, आणि तिथं उशीर जिवावर बेततो. रेबीज व्हायरसचा, एकदा लक्षणं दिसली की हातात काही राहत नाही, म्हणून चावा असो नाहीतर ओरखडा, साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शनसाठी दवाखाना गाठायचा. या मुलाचीही इंजेक्शनं डॉक्टरांनी सुरू केलेलीच. मांजराचा चावा तर वरून टाचणीएवढा दिसतो पण दात खोल जातात, पाश्चुरेला नावाच्या बॅक्टेरियामुळं २४ तासांच्या आत हात लाल होऊन ठणकायला लागतो, तेव्हा हळद लावून घरी बसू नका. घरात कुणाची कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असेल, प्लीहा काढलेली असेल तर पाळायच्या आधीच डॉक्टरांना विचारा, अशांना कुत्र्यानं जखम चाटलेलीसुद्धा महागात पडू शकते.

वडिलांना पटवायला दोन सेशन गेली. ठरलं असं की चिंगी राहणार, पण पशुवैद्याकडनं पिसवांचं औषध, नखं कापायची, अंथरुणात घ्यायची नाही. आणि आईनं पोराला समोर बसवून शब्द दिला, ओरखडा दाखवलास म्हणून चिंगी जाणार नाही.

महिन्याभरानं आईचा फोन आला. गाठ हरभऱ्याएवढी राहिलीय, डॉक्टर बघू म्हणालेत. आणि आदल्या संध्याकाळी पोरगं स्वतःच पळत आलं होतं, कोपर पुढं करून, "आई, आत्ता लागलं बघ."