स्लीव्ह सर्जरीनंतर (वजन उतरवायला जठर कापून लहान करतात ती) वजन अडकलंय. थायरॉइडची गोळी वाढवून घेऊ, की वजन उतरलं म्हणून ती आता सुटेल?

वाढवूनही घेऊ नका आणि सोडूही नका. आधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी करा, आणि रक्त द्यायच्या आधीच्या आठवड्यात केसांसाठी काय काय घेत होतात ते आठवा. खरं तर या दुसऱ्या गोष्टीसाठीच लिहायला बसलेय.

तुम्ही लिहिलंय की ऑपरेशनला सात महिने झाले, 26 किलो उतरले, आता काटा जागचा हलत नाही, केस मुठीने जातायत. आणि घरचे म्हणतात, शुगरची गोळी सुटली तशी हीपण सुटेल. हे वाचलं आणि आमचे थोरले दीरच डोळ्यांपुढे आले. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो.

दादांच्या एका मित्राची बायपास झाली, हृदयाची नव्हे, पोटाची, वजन उतरवायची. इन्सुलिन टोचून टोचून माणूस कंटाळला होता. ऑपरेशननंतर घरी येईपर्यंत त्याचं इन्सुलिन जवळजवळ बंद झालं. हे खरंच होतं, वजन उतरायच्याही आधी साखर खाली येते. दादांनी ते स्वतः पाहिलं आणि तिथून त्यांचा सिद्धांत तयार झाला: लठ्ठपणा गेला की त्याच्या पोटातली सगळी दुखणी जातात.

मला हाशिमोटो आहे, म्हणजे आपलंच शरीर थायरॉइड ग्रंथीवर उठतं तो आजार, धाकटीच्या बाळंतपणानंतर निघालेला. माझं वजन 112 होतं. त्यातलं थायरॉइडचं किती म्हणाल, तर फार फार तर चार-पाच किलो, तेही बरंचसं मीठ-पाणी धरून ठेवल्यामुळे. हे मी दादांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, कारण आधी त्यांचं म्हणणं होतं की थायरॉइड हे निमित्त आहे, बाई खाते. मग मी पुण्याला जाऊन स्लीव्ह करून घेतली, तर म्हणाले शॉर्टकट मारला. म्हणजे खाल्लं तरी चूक, खायची पिशवी कापून टाकली तरी चूक. जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात हो. आधी दोन आठवडे यकृत लहान व्हावं म्हणून जवळजवळ पातळावर राहायचं, नंतर पुन्हा पातळ, मग घोटलेलं वरण, आणि पाणी घोट घोट. एका घासाने जास्त झालं तर छातीत बोळा बसल्यासारखं होतं. कुठला शॉर्टकट असा असतो?

असो. चौथ्या महिन्यात माझे केस गळायला लागले. ते गळतातच. एवढं झपाट्याने वजन उतरलं, प्रोटीन कमी पडलं की तीन ते सहा महिन्यांत गळती लागते आणि पुढे आपोआप थांबते. पण शाळेत फळ्याकडे तोंड केलं की मागच्या बाकावरून माझी टाळू दिसते, हे मला माहीत होतं. जाऊबाईंच्या पुतणीचं पार्लर आहे, तिने बायोटिन या व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या, 10 मिलिग्रॅमच्या. शरीराला दिवसाला लागतं 30 मायक्रोग्रॅम. मी डबीवरचं चित्र बघितलं आणि सुरू केल्या.

महिन्याभराने टीएसएच केला. थायरॉइडची गोळी न घेता, उपाशी पोटी जायचं हे पाठ होतं. बायोटिनचं कोणी सांगितलं नव्हतं, ती घेऊनच गेले. रिपोर्ट आला टीएसएच 0.06, म्हणजे फारच कमी, आणि टी-फोर (थायरॉइडचं हार्मोन) चढा. कुणीही वाचला असता तर म्हणाला असता, गोळी जास्त होतेय. वजन उतरल्यावर डोस कमी लागतो हेही खरंच आहे, डोस वजनाच्या हिशोबानेच बसवलेला असतो. त्यामुळे आमच्या इथल्या डॉक्टरांनी गोळी 100 मायक्रोग्रॅमवरून 50 वर आणली. त्यांना मी दोष देत नाही. पण मी त्यांना सांगत होते की मला थंडी वाजते, पोट साफ होत नाही, दुपारी वर्गात डोळे मिटतात. गोळी जास्त झालेल्या माणसाला घाम येतो, छाती धडधडते. माझं सगळं उलटं होतं. उत्तर मिळालं की ऑपरेशननंतर असं होतंच. तेही खरं! हाच तर त्रास आहे. केस गळणं, थंडी, बद्धकोष्ठता, गळून जाणं ही दोन्हीकडची लक्षणं एकच. अंगावरून काही कळत नाही, आणि रिपोर्ट खोटा निघाला तर कशावरूनच कळत नाही.

गौरी जेवणाच्या दिवशी माझं ताट म्हणजे वाटीभर होतं, आणि दादा पंगतीत सगळ्यांना सांगत होते, "बघा, म्हटलं नव्हतं? गोळी अर्ध्यावर आली. दिवाळीपर्यंत बंद." नणंदेने वर सैंधव मीठ आणि कोबी बंद करायचा सल्ला दिला. (शिजवलेल्या कोबीने काही होत नाही. सैंधवात पुरेसं आयोडीन नसतं, ते उगाच थायरॉइडचा उपाय म्हणून खाऊ नका.)

दिवाळीपर्यंत माझं वजन उतरायचं थांबलं आणि मग दोन किलो वर गेलं. तोंड सुजलं, आवाज घोगरा झाला. एका पोराने विचारलं, "बाई, सर्दी झालीय का?" शेवटी पुण्याच्या आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला. त्यांनी खाणं-पिणं विचारून झाल्यावर सहज विचारलं, केसांसाठी काही चालू आहे का? सांगितलं. त्या म्हणाल्या, बंद करा, तीन-चार दिवसांनी पुन्हा रक्त द्या. टीएसएच 38, म्हणजे गोळी फारच कमी पडत होती.

बायोटिनने थायरॉइड बिघडत नाही, तपासणी बिघडते. बऱ्याच लॅबच्या मशीनमध्ये चाचणीच बायोटिनच्या साहाय्याने होते, रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त दिसतो. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2017 मध्ये याबद्दल जाहीर सावध केलं होतं. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी बंद ठेवायला सांगतात. तुमच्या ऑपरेशननंतरच्या मल्टिव्हिटॅमिनमध्येही ते असेल, मागचं लेबल वाचा.

आता तुमचा प्रश्न. टीएसएच नीट असेल तर वजनासाठी डोस वाढवून मागू नका. उतरेल त्या वजनात स्नायूही जातील, वर हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडं झिजतात. स्लीव्हवाल्यांची हाडं आधीच धोक्यात असतात. सातव्या महिन्यात काटा अडकणं नेहमीचंच आहे. दिवसाला 60 ग्रॅम प्रोटीन पोटात जातंय का ते आधी मोजा, बहुतेकींचं जात नाही. भाकरी आधी संपते आणि उसळ ताटात राहते.

आणि गोळी घ्यायची वेळ बघा. उठल्यावर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. आमच्याकडे आई पहाटेच सगळ्यांचा चहा टाकतात आणि निवतो म्हणून हाका मारतात, तरी नाही. लोह आणि कॅल्शियम चार तास लांब. मी लोह दुपारच्या सुट्टीत आणि कॅल्शियम रात्री घेते. पित्तासाठी पँटोप्रॅझोल चालू असेल तर डॉक्टरांना आठवण करून द्या, आम्ल कमी झालं की थायरॉइडची गोळी नीट विरघळत नाही. डोस बदलला की सहा आठवडे थांबूनच पुन्हा तपासायचं. गोळी रक्तात हळूहळू जमते, दर पंधरवड्याला तपासण्यात पैसे घालवू नका.

सुटेल का? शुगरमध्ये स्वादुपिंड बहुतेकांचं चालू असतं, शरीर इन्सुलिनला दाद देत नसतं. वजन गेलं, आतड्यातली हार्मोन्स बदलली की ते दाद देऊ लागतं. हाशिमोटोत आपल्याच अँटिबॉडीजनी ग्रंथी खाऊन टाकलेली असते. पोट कापून गळ्यातली ग्रंथी कशी उगवेल? हे मी दादांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, सकारात्मक राहावं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुमच्यावर अन्याय होईल. नुसत्या लठ्ठपणानेही टीएसएच थोडा वर जातो, सहा, सात, आठ. अशांना कधी 25 ची गोळी लावलेली असते आणि अँटिबॉडीज नसतात. वजन उतरल्यावर त्यांची गोळी खरोखर सुटू शकते, डॉक्टर सोडवतात. तेव्हा तुमची अँटी-टीपीओ, म्हणजे या अँटिबॉडीजची तपासणी, कधी केली होती का, ते जुन्या फायलीत शोधा. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. शिवाय बायपास असेल तर शोषणाचं गणित आणखी वेगळं असतं, माझं सगळं स्लीव्हचं आहे.

आणि दादा, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे, धाकटीने लिंक पाठवलीच असेल. वरचा परिच्छेद तुमच्या मित्रांसाठी आहे. माझी अँटी-टीपीओ 600 च्या वर आहे.